गाणं कामाला लावताना

तांब्या म्हणजे लिटर, असं मी एकदा गाण्यात घालून बसले.

आषाढ होता. डोळखांबहून आजोबा पर्वताच्या पायथ्याकडे जाताना लागणाऱ्या एका पाड्यावर जुलाबाची लागण झाली होती. ओआरएसच्या पुड्या वाटून, पाणी कसं कालवायचं ते घरोघरी सांगून माझा घसा बसला. शेवटी एका पडवीत पाऊस थांबायची वाट बघत बसलेल्या चौघीजणींना मी जात्यावरच्या चालीत दोन कडवी बांधून दिली. तांब्याभर पाण्यात एक पुडी, एवढाच त्यातला मुद्दा. संध्याकाळी ती कडवी विहिरीवर ऐकू आली तेव्हा मला कोण आनंद झाला. आठ दिवसांनी पुन्हा गेले, तर एक आजी नातवासाठी पाणी कालवत होत्या आणि तोंडानं माझंच गाणं चाललं होतं. तांब्या जरा बुटका वाटला. त्यातलं पाणी मी लिटरच्या रिकाम्या बाटलीत ओतून पाहिलं. बाटली अर्ध्याच्या जेमतेम वर भरली. म्हणजे पुडी लिटरभर पाण्याची आणि पाणी निम्मं. इतकं दाट पाणी जुलाब झालेल्या लेकराला दिवसभर पाजलं तर रक्तातलं मीठ वाढतं, तहान भागायच्या ऐवजी भडकते, आणि गोष्ट झटक्यांपर्यंत जाऊ शकते. त्या पोराचं नशीब चांगलं, त्यानं दोनच घोट घेतले होते.

मी तोंडी सांगितलेलं सगळं त्या घरात विसरलं गेलं होतं. तांब्या मात्र विसरला गेला नव्हता. तो पाड्याच्या तोंडून काढायला मला तीन आठवडे लागले.

तेव्हा ही कृती लिहिताना गाण्याचं कौतुक बेताचं आणि मोजमाप जास्त, असं होणार आहे. आशाताई, अंगणवाडी सेविका, उपकेंद्रातल्या सिस्टर आणि घरी लकवा झालेलं किंवा विसरभोळं झालेलं माणूस सांभाळणारी कुणीही, यांच्यासाठी ती आहे. आवाज चांगला असण्याची अट नाही. माझा स्वतःचा फाटका आहे.

पहिलं: काम ठरवा

गाणं आधी ठरवून मग ते कुठे चिकटवायचं ते शोधू नका. आधी काम हेरा. गाणं उपयोगी पडतं ती कामं चारच प्रकारची असतात. हात गुंतलेले आहेत आणि ठरावीक वेळ ते चालवायचे आहेत, जसं हात धुणं. एकामागोमाग एक क्रम लक्षात ठेवायचा आहे, जसं ओआरएस. माणूस घाबरलंय, जसं सुई टोचताना. किंवा शरीराला ताल हवाय, जसं लकव्यानंतर चालताना.

या चारांत बसत नसेल तर गाणं सोडा. बाळाचा श्वास मोजताना तर तोंडातून सूरच काढू नका. तिथे घड्याळ लागतं आणि पूर्ण एक मिनिट लागतं: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याचा 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा जास्त भरला तर तो जलद श्वास. मनात ताल चालू असला की मोजणी त्या तालाला जाऊन चिकटते. मी स्वतः करून पाहिलं आहे, दर वेळी आकडा चुकला.

दुसरं: चाल मागून घ्या

चाल आपण करायची नसते, मागून घ्यायची असते. दुपारी, जेवणं झाल्यावर, पाड्यावरच्या दोन-तीन म्हाताऱ्यांपाशी बसा. ‘आजी, दळताना काय म्हणायच्या?’ एवढंच विचारा. पहिल्या दिवशी ‘आता कुठलं आठवतंय बाय’ असं उत्तर मिळेल. वही मिटून, सुपारी कातरत बसून राहा. दुसऱ्या दिवशी आठवतं.

जाती गेली, पण चाल गेलेली नाही. गी पॉइटवां आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या बायकांकडून गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ मुळशी-मावळातल्या, म्हणजे आपल्याच सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाच्या. त्या ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. सासर, माहेर, आजारपण, बाळंतपण, पोराचं मरण, सगळं त्या एकाच चालीत बाईनं बसवलेलं आहे. दुखण्याचं गाणं करणं ही काही आरोग्य खात्याची कल्पना नव्हे. बाईला ते आधीपासून येतं. कीर्तनातून स्वच्छता सांगणारे गाडगेबाबा 1956 साली गेले, त्यांनाही हे पक्कं ठाऊक होतं. ते लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे. आपल्याला पुढे हीच रीत लागणार आहे.

शहापूर-मुरबाडच्या या पट्ट्यात म ठाकूर, क ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी, कुणबी अशा सगळ्यांची वस्ती आहे आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं. भादव्यात गौरीचा नाच, ठाकरांचा ढोल आणि कांबडनाच, वारल्यांचा तारपा, गावात सप्ताह बसला की हरिपाठ. एका पाड्याची चाल शेजारच्या पाड्यावर चालेलच असं नाही. कातकरी वाडीत मी एकदा हरिपाठाच्या चालीत काहीतरी नेलं, तर सगळे हात जोडून ऐकत बसले, म्हटलं कुणीच नाही. पाहुण्याच्या देवाचा मान ठेवला त्यांनी.

काही चालींना हात लावू नका. वारल्यांचं लग्न लावणारी धवलेरी जी गाणी म्हणते ती लग्नाचा विधीच असतात. त्यात लसीकरणाचे शब्द कोंबले तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण तुमच्या बैठकीला यायचे बंद होतात. मयताची गाणीही नकोत. शंका असेल तर विचारा: ‘हे कधीही म्हटलं तर चालतं का?’ जे गाणं भात लावताना, पाणी आणताना, पोर खेळवताना कधीही म्हटलं जातं, ते आपल्या कामाचं.

सिनेमातल्या आणि डीजेच्या चाली पोरांना लवकर येतात, हे खरं. पण पुढच्या वर्षी नवा सिनेमा येतो. लाउडस्पीकरच्या गाडीवरची सरकारी गाणी तर गाडी वळणावर दिसेनाशी झाली की संपतात.

तिसरं: शब्द बसवा

जात्यावरची ओवी निम्मी एक जण म्हणते आणि उरलेला भाग दुसरी उचलते. तेव्हा जे तुम्हाला बायकांच्या तोंडी यायला हवं, ते दुसऱ्या भागात घाला. प्रश्न तुम्ही विचारा, उत्तर त्यांनी गायचं. तांब्याच्या फजितीनंतर आम्ही पाचजणींनी बसून केलेली कडवी अशी:

पाणी किती घेऊ? लिटरची बाटली भरून
पुडी किती घालू? सगळी घाल ग झाडून

बाळ ओकलं ग, दहा मिनिटं थांब बाई
पुन्हा कसं पाजू? चमचा चमचा, नको घाई

उरलेलं पाणी, उद्या सकाळी सांडून दे
नवी पुडी फोड, नवं पाणी मांडून दे

काव्य म्हणून हे काही थोर नाही. पण बघा: एका ओळीत एकच कृती आहे. माप असं आहे की घरात नसेल तर रस्त्याच्या कडेला सापडतं. लिटरची पाण्याची बाटली आज पोचली नाही असा पाडा नाही. ‘झाडून’ हा शब्द एका कातकरी बाईनं सुचवला. मी ‘पूर्ण’ म्हणत होते. ‘पूर्ण’ला हात हलत नाही, ‘झाडून’ म्हटलं की पुडीच्या कागदाला टिचकी बसतेच.

गाण्यात मावत नाही ते तोंडी सांगा, आणि थोडकंच सांगा. बाटली धुतलेली हवी. पाणी पिण्याचं हवं. दुकानातून आणलेली पुडी लहान, 200 मिलिलिटरचीही असते, तेव्हा पुडीवरचा आकडा वाचून घ्या. पुडी नसेलच तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि चव आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. झिंकच्या गोळ्या 14 दिवस, जुलाब थांबले तरी. याचं चौथं कडवं करायला गेलो तेव्हा गाणं जड झालं. तीन कडव्यांपलीकडे जाऊ नका.

चौथं: घड्याळ लावा

हात धुण्याच्या गाण्याला हे फारच लागू. कोरोनात सगळीकडे सांगत होते की ‘हॅपी बर्थडे’ दोनदा म्हणा, हात चोळण्याचे 20 सेकंद होतात. आमच्याकडे निम्म्या लोकांचा वाढदिवस शाळेतल्या गुरुजींनी टाकलेला, 1 जून. त्या दिवशी कोण गातंय! मुलांना तो इंग्रजी सूर लागेना, लागला की हसू आवरेना.

तुमच्या चालीच्या चार ओळी मोबाइलचं स्टॉपवॉच लावून म्हणा. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा, आणि तुम्ही नव्हे, मुलांना म्हणायला लावून. माझ्या चार ओळी माझ्या तोंडी 23 सेकंद भरल्या. अंगणवाडीतली पोरं खिचडी दिसत असताना तेच 13 सेकंदांत उरकत होती. मग दोन ओळी वाढवल्या. भुकेल्या पोराच्या लयीत 20 सेकंद भरले पाहिजेत, बाईंच्या लयीत नव्हे.

दुसरी अडचण पाण्याची. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि मे महिन्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग. तिथे नळ सोडून हात धुण्याचं चित्र दाखवणं हा चावटपणा आहे. म्हणून गाण्यातच पाण्याची जागा ठरवा: पहिल्या ओळीआधी ओंजळभर पाणी, मग सगळ्या ओळी कोरडं चोळणं, म्हणजे तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, आणि शेवटची ओळ संपली की दुसरं पाणी. प्लास्टिकच्या कॅनला खिळ्यानं भोक पाडून काडी खोचली की एका कॅनमध्ये अंगणवाडीचा दिवस निघतो. गाणं सुरू असताना काडी आत, हा नियम मुलं एकमेकांना फार कडकपणे पाळायला लावतात.

पाचवं: बाळाजवळ

आशाताईला दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जायचं असतं. यातल्या कुठल्याही भेटीत गाणं शेवटी. आधी हात धुणं, वजन, ताप, नाळ, दूध ओढतंय का, छाती आत जातेय का. हे सगळं ठीक असेल तरच.

कमी वजनाच्या बाळाला कांगारूसारखं छातीशी धरायची पद्धत 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथल्या दवाखान्यात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. ती आता सगळीकडे शिकवतात आणि दिवसाचे किमान आठ तास धरावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठ तास! घरात चूल, पाणी, दुसरं पोर. बाईला इतका वेळ एका जागी बसवायचं तर तिच्याजवळ काहीतरी हवं. इथे अंगाई कामाला येते, आणि ती बाळाइतकीच आईसाठी असते.

करायचं असं. बाळाला लंगोट, टोपी आणि मोजे तेवढे ठेवून आईच्या दोन स्तनांच्या मध्ये उभं धरा, मान एका बाजूला वळवलेली, नाक मोकळं, पाय बेडकासारखे फाकलेले. लुगड्यानं किंवा ओढणीनं बांधा. आईनं मागे टेकून बसायचं. मग तिला तिच्याच आईची अंगाई म्हणायला सांगा. आठवत नसेल तर नुसतं गुणगुणणं पुरे. आवाज इतका, की शेजारी बसलेल्या सासूला कान द्यावा लागेल. लय आईच्या श्वासाची. छातीतली थरथर बाळाला अंगानं कळते, म्हणून मोबाइलवरची अंगाई इथे उपयोगाची नाही, आणि उशाशी ठेवलेला स्पीकर तर काढूनच टाका.

डोळे बाळाच्या तोंडावर ठेवा. बाळानं बोटं ताणून पसरली, तोंड फिरवलं, उचक्या सुरू झाल्या, तर त्याला पुरे झालं आहे; गप्प बसा, नुसतं धरून ठेवा. रंग बदलला, अंग गार लागलं, दूध ओढेनासं झालं, तर गाण्याचा विषय संपला. 108 ला फोन करा आणि छातीशी बांधलेलं बाळ तसंच घेऊन निघा.

बाळंतीण स्वतःच गप्प झाली असेल तर? इंग्लंडमध्ये 2018 साली एक अभ्यास छापून आला. बाळंतपणानंतर उदास झालेल्या आयांनी बाळांना घेऊन दहा आठवडे एकत्र गाणी म्हटली, तेव्हा ज्यांचा त्रास मध्यम किंवा जास्त होता त्या इतर आयांपेक्षा लवकर सावरल्या. आपल्याकडे बारशापर्यंत बायका जमतातच. त्यानंतर मात्र बाई एकटी पडते. आठवड्यातून एक दुपार पाच-सहा बाळंतिणींना एका ओट्यावर जमवा. गाणं कुठलंही. पण ‘जीव नकोसा झालाय’ असं कुणी म्हणालं, किंवा न म्हणताही तसं वाटलं, तर तिला गाऊन बरं करायला जाऊ नका. तिला एकटं सोडू नका, डॉक्टरांना सांगा, आणि 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन लावून द्या.

सहावं: सुईजवळ

इथे माझी दुसरी चूक. लसीकरणाच्या दिवशी मी अंगणवाडीतलंच एक बडबडगीत म्हणायची, मुलांच्या ओळखीचं म्हणून. दोन-तीन महिन्यांत अंगणवाडी ताईंची तक्रार आली: गाणं सुरू केलं की बारकी पोरं रडतात, मांडी धरतात. त्यांनी गाण्याचा आणि सुईचा संबंध बरोब्बर लावला होता.

तेव्हा सुईचं गाणं वेगळं ठेवा आणि ते सुईच्या आधी बरंच सुरू करा, सुई गेल्यावरही चालू ठेवा. तान्ह्या बाळाला आईनं पाजत धरलेलं सगळ्यांत बरं. मोठ्या मुलाला आईच्या मांडीवर, तुमच्याकडे बाजू करून. गाणं आईनं म्हणायचं, तुम्ही नाही. तुमचं लक्ष सिरिंजकडे हवं. झोपेची अंगाई इथे कदापि नको, नाहीतर त्या घरात रात्री कुणी झोपणार नाही आणि शिव्या तुम्हाला बसतील.

सातवं: लकव्यानंतर पाऊल आणि बोल

या भागाला मी जास्त जागा देते, कारण गाण्याचा इतका उघड गुण मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

चालण्यासाठी आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टनं उभं राहायला परवानगी दिलेली हवी. मग अंगणात सपाट जागा बघा. कमरेला गमछा घट्ट बांधा आणि एकानं दुबळ्या अंगाला, किंचित मागे राहून तो धरायचा. पहिल्या दिवशी गाणं नाही. माणूस स्वतःच्या चालीनं चालतो तेव्हा 15 सेकंदांत किती पावलं पडतात ते मोजा आणि चारानं गुणा. समजा मिनिटाला 40. आता तेवढ्याच वेगात टाळ वाजवा, किंवा ताटावर चमचा. आधी उभ्या उभ्या ऐकू द्या, मान डोलायला लागेल. मग ‘चला’ म्हणा, आणि दर ठोक्याला एक पाऊल. दोन-तीन दिवस नीट जमलं की 40 चे 42 करा, पुढे 44. एकदम वाढवू नका. माणसाच्या आनंदात टाळ वाजवणारा हमखास पळतो, त्याला आवरा.

मी ज्यांच्याकडे हे केलं ते बाबा तरुणपणी ढोलावर नाचणारे. ताटावर त्यांचं पाऊल नुसतं घासत होतं. त्यांच्या भावानं एक दिवस ढोल काढला आणि दबक्या हातानं वाजवला. बाबांचा डावा पाय जमिनीवरून सुटला, चार बोटं वर आला. भाऊ वाजवायचाच थांबला, इतका दचकला. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नाचाचे वर्ग चालवले, तिथेही ताल मिळाला की अडलेलं पाऊल सुटतं हेच सूत्र आहे. चक्कर आली, छातीत दुखलं, दम लागला की थांबायचं. दहा मिनिटं पुष्कळ झाली.

बोलण्याची गोष्ट याहून चमत्कारिक. मेंदूच्या डाव्या अंगाला इजा झालेल्या काही माणसांना ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण अभंग सबंध म्हणता येतो. घरच्यांना वाटतं सोंग करतोय. सोंग नाही. बोस्टनमधल्या डॉक्टरांनी 1973 साली यावरूनच बोलणं परत आणण्याची पद्धत बसवली. तिचं घरगुती रूप सोपं आहे. रोज लागणारे शब्दांचे तीन-चार जोड घ्या: ‘पाणी दे’, ‘बाहेर ने’, ‘दुखतंय इथं’. प्रत्येकाला दोनच सूर, एक वरचा, एक खालचा. माणसाचा डावा हात हातात घेऊन दर अक्षराला मांडीवर हलकी थाप द्या. आधी तुम्ही नुसतं गुणगुणा. मग शब्द घालून तुम्ही गा. मग दोघांनी मिळून. मग अर्ध्यात तुम्ही थांबा, त्यांना पुरं करू द्या. शेवटी तुम्ही प्रश्न विचारा, ‘काय हवं?’, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. ही गप्प राहण्याची पायरी घरच्यांना सगळ्यांत अवघड जाते. दिवसाला दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, आणि धीर महिन्यांचा ठेवा. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही.

विसरभोळ्या म्हाताऱ्या माणसांसाठी एकच सांगते. अंघोळीला नेताना गाणं पाणी ओतायच्या आधी सुरू झालेलं हवं, आणि ते त्यांच्या पंधरा-वीस वर्षांच्या वयातलं हवं. तुमच्या आवडीचं भावगीत त्यांच्या काही कामाचं नाही.

आठवं: गप्प बसा

साप चावला, छातीत दुखतंय, बाळंतिणीचं अंगावरून जाणं थांबत नाही, ताप आलेलं पोर हाकेला ओ देत नाही, अशा वेळी गाडी. घरात भगत बसलेला असेल, त्याचंही गाणं नि वाजवणं चालू असेल. त्याच्याशी भांडू नका आणि त्याच्यावर वरताण करू नका. ‘तुमचं गाडीत होऊ दे’ म्हणा आणि माणसाला गाडीत घाला. मयत झालेल्या घरात आपण काही सुरू करायचं नाही; त्यांनी सुरू केलं तर बसून ऐकायचं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली कला आणि आरोग्य यांवर एक अहवाल काढला. तीन हजारांहून जास्त अभ्यास चाळून. गाण्यानं बरंच काही होतं असं त्यात आहे. गाण्यानं हिमोग्लोबिन वाढतं असं मात्र कुठेही नाही. लोहाच्या गोळ्या संपल्या असतील तर आधी त्या मागवा.

नववं: वही

एक पातळ वही ठेवा. तारीख, घर, कोणतं काम, कोणती चाल, काय झालं. शेवटच्या रकान्यात ‘काही नाही’ लिहायला लाजू नका, माझ्या वहीत ते बऱ्याच पानांवर आहे. कुणाचं गाणं मोबाइलवर घ्यायचं तर विचारून घ्या आणि ते गटावर पाठवू नका. आजारी माणसाचा आवाज ही त्याच्या घरची गोष्ट आहे.

दर दोन महिन्यांनी पाड्यावर जाऊन आपलंच गाणं ऐकून या. शब्द बदललेले असतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, तिथे ना आपली अंगणवाडी ना आपली आशाताई. कार्ड घरी राहतं, गाणं सोबत जातं. शिमग्यानंतर, पावसाच्या तोंडावर माणसं परत येतात तेव्हा गाण्यात भट्टीवरचं काहीतरी शिरलेलं असतं. एकदा ‘लिटरची बाटली’ जाऊन तिथे ‘बादली’ आली होती. मी पुन्हा पडवीत बसले.

वर दिलेली कडवी तशीच उचलू नका. तुमच्या पाड्यावरची चाल वेगळी, तुमच्या बायकांचे शब्द माझ्यापेक्षा चांगले असणार, त्यांच्याकडूनच बांधून घ्या. पण बांधण्याआधी त्या घरातला तांब्या भरून एकदा लिटरच्या बाटलीत ओतून बघा.